दोन ट्रान्झिस्टरांची शाळा

१९६६ साली लंडनमध्ये विक्रीस आलेल्या 'फझ फेस' या गिटारच्या उपकरणात २ ट्रान्झिस्टर, ४ रोधक, ३ धारित्रे, २ गुंड्या आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढाच काय तो संसार होता. या विद्युत्‌मंडलाचे सुटे भाग आज नवशिक्यांना संचरूपाने मिळतात. तारेचा क्षीण संकेत इतका वाढवावयाचा की लहरींचे माथे छाटले जावेत. त्यातून नवे उपस्वर उमटून नाद खरखरीत होतो. ही किमया स्वहस्ते डाख देऊन साधावी, हेच या छंदाचे आकर्षण होय. तथापि सूचनापत्राबरहुकूम जोडणी म्हणजे ज्ञान नव्हे. जोडलेला संच मुका राहिला, की खरी शाळा भरते. शाळांनी असे संच अवश्य आणावेत. मात्र दोष हुडकण्याचा मान विद्यार्थ्याचा, शिक्षकाने तो हिरावून घेऊ नये.