फळ्यावरचे नवे चित्रपट

१९८०च्या दशकात आम्ही शाळेत होतो, तेव्हा आपल्या वसईतील व्हिडिओ लायब्ररीच्या दारावर एक फळा टांगलेला असे. 'नवीन आलेल्या कॅसेट' असा मथळा आणि खाली खडूने लिहिलेली चित्रपटांची व मालिकांची नावे. फळ्यावरच्या कॅसेटचे भाडे जास्त, आतल्या मांडणीवरच्या कॅसेटचे कमी. काही आठवडे उलटले की तोच चित्रपट स्वस्त होई. त्यात काय सांगितले आहे, याच्याशी त्या भाड्याचा कसलाही संबंध नसे.

पुढे धर्मगुरू झाल्यावर आम्ही या दुकानांविरुद्ध प्रवचने केली. घाणेरड्या कॅसेट घरात आणू नका, असे पालकांना बजावले. ते बजावणे चुकीचे नव्हते. पण आज प्रांजळपणे कबूल केले पाहिजे, की आमचा नेम चुकला. अश्लीलतेवर आम्ही तुटून पडलो आणि तो फळा मात्र आम्हाला निरुपद्रवी वाटला.

आता ती दुकाने इतिहासजमा झाली आहेत. अमेरिकेत १९८५ साली डॅलस येथे सुरू झालेल्या 'ब्लॉकबस्टर' कंपनीची एके काळी सुमारे नऊ हजार दुकाने होती. २०१० साली तिचे दिवाळे निघाले. टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याचा व्यवसाय 'नेटफ्लिक्स'नेही २०२३ साली बंद केला. दुकाने गेली, फळा मात्र गेला नाही. तो आपल्या दिवाणखान्यातील पडद्यावर आणि मुलांच्या हातातील मोबाइलवर येऊन बसला. पूर्वी कॅसेट दुसऱ्या दिवशी परत करावी लागे. निदान त्या निमित्ताने पाहणे थांबे. आता मालिकेचा एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो आणि रात्रीचे जेवण व कुटुंबप्रार्थना त्याच्या सवडीने होतात.

कोणी विचारील, "फादर, नव्यात वाईट ते काय?" काहीच नाही. नव्या कलाकृतीशी आमचे वैर नाही. आमचे भांडण नवेपणालाच गुण मानणाऱ्या वृत्तीशी आहे. ताजे मासे आणि शिळे मासे यांत फरक करावा. चित्रपट म्हणजे मासे नव्हेत. 'नवीन काय आले?' हा विक्रेत्याचा प्रश्न आहे. 'चांगले काय आहे?' हा आईबापांचा प्रश्न असायला हवा. तो आपण विचारणेच सोडून दिले आहे.

ख्रिस्तसभेने तो विचारला होता. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन गटांत पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत १९३६चा चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आहे, १९८२चा 'गांधी' आहे. धर्माच्या गटात मत्तयच्या शुभवर्तमानावरील १९६४चा इटालियन चित्रपट आहे. त्याचा दिग्दर्शक पासोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी होता. तरीही त्याच्या कामाचे मोल व्हॅटिकनने नाकारले नाही.

त्याच यादीत १९४८चा 'बायसिकल थीव्ज' आहे. भिंतींवर चित्रपटांची पोस्टरे चिकटवण्याचे काम एका बेकार बापाला मिळते आणि पहिल्याच दिवशी त्याची सायकल चोरीला जाते. शेवटी हताश होऊन तो स्वतःच सायकल चोरू पाहतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. मुलगा मुकाट्याने बापाचा हात धरतो. पहाटेची गाडी पकडून कामावर जाणाऱ्या आपल्या वडिलांकडे, हा चित्रपट पाहिल्यावर, कोणते मूल पूर्वीच्याच नजरेने पाहील? पण तो कोणत्याही फळ्यावर 'नवीन' म्हणून झळकणार नाही.

दोष केवळ पालकांचा नाही. काय पाहू नये, हे आम्ही धर्मगुरूंनी वर्षानुवर्षे सांगितले. काय पाहावे, हे क्वचितच सांगितले. १९९५ची ती यादी आमच्यापैकी किती जणांनी आपल्या धर्मग्रामात वाचून दाखवली? आम्ही स्वतः दाखवली नाही. लोकांना नुसते 'नको' ऐकवले, की 'हवे' ते सांगायला दुकानदार पुढे येतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून एक जुना, निवडलेला चित्रपट पाहावा. संपल्यावर पडदा बंद करावा आणि त्यावर अर्धा तास बोलावे. निवड आजीआजोबांनी केली तरी चालेल, मुलांनी केली तरी चालेल. ती पडद्याने करू नये. चर्चच्या दारातही आता एक फळा लागेल. त्यावर चांगल्या चित्रपटांची नावे लिहिण्याचे काम आमचे. ते आम्ही फार पूर्वीच करायला हवे होते.