विश्लेषण : महाड-पोलादपुरात चित्रपट महोत्सव भरला, तर पाहुणे दिग्दर्शक उतरणार कुठे?

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने महाड-पोलादपुरात माहितीपट आणि स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव भरावा, ही कल्पना कोणालाही सुचेल. सभागृह, पडदा, प्रोजेक्टर यांची जुळवाजुळव होऊ शकते. गाडी अडते ती पाहुण्यांपाशी.

दिग्दर्शकाला बोलवायचेच कशाला?

चित्रपट लिंकवरूनही मिळतो, हे खरे. पण स्वतंत्र दिग्दर्शकासाठी महोत्सव हाच बराच काळ एकमेव पडदा असतो. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गाजला, महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत मात्र तो मार्च २०२५ मध्ये पोहोचला. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाची ही कथा. ज्यांना तेवढेही नाव मिळत नाही, त्यांचे चित्रपट चित्रपटगृहात लागतच नाहीत. छोट्या महोत्सवाला मानधन परवडत नाही. जाण्या-येण्याचा खर्च, दोन रात्रींचा मुक्काम आणि चित्रपट संपल्यावर उठून न जाणारा प्रेक्षक, एवढेच तो देऊ शकतो. प्रेक्षकालाही चित्रपट करणारा माणूस समोर बसलेला हवा असतो. नाहीतर मोबाइल आहेच.

इतरत्र हे कसे जमले?

हिमाचलमधील मॅक्लॉडगंजला चित्रपटगृह नव्हते. तरी तिथे राहणाऱ्या रितू सरीन आणि तेनझिंग सोनम या दिग्दर्शक जोडप्याने २०१२ मध्ये धरमशाला महोत्सव सुरू केला आणि तो टिकला. गोरखपूरमध्ये २००६ पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ प्रायोजक न घेता, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालला. पण धरमशाला पर्यटनाचे गाव, तिथे खोल्यांची ददात नाही. गोरखपूर तर मोठे शहरच. महाडचे तसे नाही.

मग महाडची अडचण कोणती?

पहिली अडचण तारखेची. २० मार्चला दरवर्षी राज्यभरातून अनुयायी महाडला येतात. शताब्दीचा दिवस शनिवारी येतो आहे, त्यामुळे गर्दी किती असेल याचा अंदाज करता येतो. त्यात होळी पौर्णिमा २१-२२ मार्चला. म्हणजे शिमग्याला मुंबईहून चाकरमानी गावी येणार, एसटी भरून येणार आणि पोलादपूर तालुक्यात एरवी कुलूप असलेली घरेही उघडणार. त्या आठवड्यात लॉजवर खोली मिळणे अवघड. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा स्मृतिदिन, शिवाय नाताळच्या सुट्टीत रायगडावर जाणाऱ्यांची रांग. जुलैत महोत्सवाचे नावही काढू नये. २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने शहराचे काय केले, हे महाडकरांना सांगायला नको. उरतात जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध. शताब्दीचा महोत्सव नेमका शताब्दीच्या दिवशीच भरवण्याचा हट्ट सोडला, तर निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा घरांनी सुटू शकतो. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला दुर्गप्रेमींची घरगुती जेवणाची व मुक्कामाची सोय होते. ही माणसे पाहुण्यांना सरावलेली आहेत. पण पाचाड महाडपासून सुमारे २५ किलोमीटर. रात्रीचा खेळ संपल्यावर तिकडे जाणारी एसटी कुठून मिळणार? त्यामुळे गाडीचा खर्च धरूनच हिशेब करावा लागेल. रेल्वेने येणाऱ्याला वीर स्थानकावरून आणावे लागेल, तेही त्यात आले.

कागदपत्रांचे काय?

पाहुणा परदेशी असेल, तर त्याला घरी उतरवणाऱ्या यजमानानेही २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन नोंदवायची असते. ‘सी फॉर्म’ म्हणतात तो हाच. हॉटेलवाल्यांना तो पाठ असतो, घरच्यांना ऐकूनही माहीत नसतो. हे काम आयोजकांनी अंगावर घ्यावे. दुसरी बाब सेन्सॉरची. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. २०१७ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवातील तीन चित्रपटांना ती नाकारली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सूट हातात येण्याआधी दिग्दर्शकाचे तिकीट काढू नये, हे साधे पथ्य. नाहीतर पाहुणा येतो आणि चित्रपट येत नाही.

कोणाच्या घरी, हा प्रश्न महाडमध्ये वेगळा का?

कारण या गावाचा इतिहासच पाहुणचाराचा आणि पाहुणचार नाकारण्याचा आहे. मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या प्रतिनिधींसाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. सत्याग्रहानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुस्लीम घरांनी आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी बोटीने दासगावला उतरून महाडला आले होते. त्याच वेळी गावचे सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे लोक सत्याग्रहाच्या बाजूने उभे होते, हेही खरे.

आज जातीवर चित्रपट करणारा तरुण दिग्दर्शक नागपूरहून किंवा लातूरहून आला, तर ‘पाहुणे कुठले, आडनाव काय’ हा प्रश्न यजमानाच्या ओटीवर विचारला जाणारच नाही, याची खात्री कोण देणार? म्हणून यजमान घरांची यादी ओळखीपाळखीवर सोडून चालणार नाही. ज्या घरी पाहुणा उतरेल, त्या घरातील सर्वांशी, विशेषतः ज्यांच्यावर स्वयंपाकाचा भार पडणार त्या बायकांशी, आधी बोलावे लागेल. आणि दिग्दर्शकालाही घर की लॉज हे निवडू द्यावे लागेल. सगळ्यांना घरगुती पाहुणचार आवडतोच असे नाही. काहींना खेळानंतर फक्त दार लावून झोपायचे असते, त्यांच्यासाठी लॉजवर चार-पाच खोल्या आगाऊ धरून ठेवाव्यात.