हुशार मुलांचे ऑनलाइन मित्र

"मुलगा फार हुशार आहे, पण गल्लीत कुणाशी खेळत नाही, मोबाइलवर मात्र तासन्‌तास बोलतो," ही पालकांची नेहमीची तक्रार. मोबाइल हिसकावून घेणे हा त्यावर उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा मुलांची बुद्धी वयाच्या पुढे धावते, भावना मात्र वयाइतक्याच असतात. नऊ वर्षांच्या मुलाला कृष्णविवरांवर बोलायचे असते, पण वर्गात ऐकणारे कुणी नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांच्या १९४२ च्या पुस्तकातही अतिबुद्धिमान मुलांची हीच अडचण आहे. म्हणजे हा एकटेपणा मोबाइलने आणलेला नाही.

मात्र स्क्रीनवर लिहून बोलताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही. त्याचा कंटाळा ओळखणे, थांबून ऐकणे, हार पचवणे हे समोरासमोरच शिकता येते. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलांना एकत्र घडवण्यासाठीच. आपल्या शहरातही बुद्धिबळाचे वर्ग आहेत, एमजीएमचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. मुलाला तिथे न्या.

ऑनलाइन मित्र कोण, किती वयाचा, हे रागावून नव्हे, तर उत्सुकतेने विचारा. मोठ्यांसारखे बोलणारे मूल मोठ्यांची फसवणूक ओळखेलच असे नाही. झोप, जेवण किंवा शाळा बिघडली, मूल घरातही बोलेनासे झाले, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना जरूर दाखवा.