नियतकालिक बंद पडल्यानंतर

महाविद्यालयाचे संशोधन नियतकालिक बंद पडले तर त्याची बातमी होत नाही. संपादक प्राध्यापक निवृत्त होतात, पुढचा अंक ‘लवकरच’ म्हणत लांबतो आणि डोमेनच्या नूतनीकरणाचे स्मरणपत्र त्याच प्राध्यापकांच्या बंद झालेल्या ईमेलवर जाऊन पडते. पैसे भरायचे राहून जातात. मग पान उघडत नाही. किंवा तो पत्ता दुसराच कोणी विकत घेतो आणि जुन्या नावाखाली लेखकांकडून पैसे उकळू लागतो.

लाक्सो, मथायस आणि यान या तीन संशोधकांनी २००० ते २०१९ या काळात वेबवरून नाहीशी झालेली १७४ ओपन ॲक्सेस नियतकालिके शोधून काढली. ती सगळ्या खंडांतली आणि सगळ्या विद्याशाखांतली होती. जो अंक जगात कुणालाही फुकट वाचता येत होता, तो आता कुणालाच वाचता येत नाही.

छापील काळात जतनाची वेगळी तजवीज लागत नसे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ साली निघाले आणि १९३७ साली थांबले, तरी त्याचे अंक आजही अभ्यासकांच्या हाती येतात. कारण वर्गणीदारांच्या आणि ग्रंथालयांच्या कपाटांत ते आधीच पांगलेले होते. शिवाय १९५४च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह देशातल्या चार ग्रंथालयांकडे जाते. ऑनलाइन अंकाची अशी पांगापांग होत नाही. हजारो वाचक असले तरी ते सगळे एकाच सर्व्हरवरची एकच प्रत वाचत असतात.

यावर ठरलेले उत्तर येते : आमच्याकडे आयएसएसएन आहे, डीओआय आहे, बॅकअपही आहे. आयएसएसएन ही केवळ नोंद. डीओआय म्हणजे दारावरची पाटी. घर पडले तरी ती शाबूत राहते. मार्टिन ईव्ह यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ७४ लाख डीओआय तपासले, तेव्हा जवळजवळ २८ टक्के लेखांची कोणत्याही प्रमुख डिजिटल संग्रहात नोंद सापडली नाही. राहिला बॅकअप. तो बहुधा त्याच कार्यालयातल्या हार्डडिस्कवर असतो आणि त्याचा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो.

जतन म्हणजे काय, हे स्टॅनफर्डमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ‘लॉक्स’ने दाखवून दिले. अनेक ग्रंथालयांतल्या यंत्रांवर एकाच अंकाच्या स्वतंत्र प्रती ठेवायच्या. ही यंत्रे ठरावीक काळाने आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात आणि एखादी प्रत बिघडलेली आढळली तर इतरांवरून ती दुरुस्त करतात. आपली बरीच नियतकालिके ज्या ओजेएस प्रणालीवर चालतात, तिच्या निर्मात्यांनी, म्हणजे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने, याच तत्त्वावर जतनाचे जाळे उभारले आहे. आयएसएसएन असलेल्या ओजेएस नियतकालिकाला ते विनामूल्य आहे. पुरेशी नवी आवृत्ती हवी, प्लगइन सुरू करायचे, अटी मान्य करायच्या. पुढचे अंक आपोआप जमा होतात. लेखकाकडून शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकांसाठी डीओएजे, क्लॉक्स आणि इंटरनेट आर्काइव्ह यांच्या सहभागाने २०२० पासून ‘जॅस्पर’ प्रकल्पही चालू आहे. हे सगळे उपलब्ध असताना निधी नसल्याची सबब आम्हाला पटत नाही. अडते ते जबाबदारीपाशी. संपादक म्हणतात, हे संगणक विभागाचे काम. संगणक विभाग मजकुराला हात लावत नाही. आमच्या मते हे काम ग्रंथपालाचे आहे आणि ते तसे लेखी नेमून दिले पाहिजे.

मराठी नियतकालिकांपुढे आणखी एक पेच आहे, त्याची चर्चा फारच कमी होते. जुने अंक श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेले आहेत. पीडीएफ उघडली की पान देखणे दिसते. पण त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवा, हाती इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांची खिचडी येते. शोधयंत्राला तीच खिचडी दिसते, दृष्टिहीन वाचकाच्या यंत्रालाही तीच. अशी फाइल दहा ठिकाणी जपली तरी मजकूर जपला गेला असे म्हणता येणार नाही. मुद्रकाकडे मूळ फाइली असतील तर त्या आताच मागून घ्याव्यात आणि त्यांचे युनिकोड रूपांतर करून घ्यावे. मात्र रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नये; ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र आणि रफार हमखास दगा देतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. केवळ त्या यादीसाठी तग धरून असलेली काही नियतकालिके आता आटोपतील, असा आमचा अंदाज आहे. त्यांचे गुण-दोष काहीही असोत, त्यांत छापलेले लेख इतरांच्या प्रबंधांत संदर्भ म्हणून आले आहेत. प्लगइन सुरू करायला आणि अटी मान्य करायला कुणीतरी अधिकृत माणूस जागेवर लागतो. संपादक मंडळ पांगल्यावर तो सापडत नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या संस्थेच्या नियतकालिकाचा आयएसएसएन घेऊन ‘कीपर्स रजिस्ट्री’त शोध घ्या. ही नोंदवही पॅरिसचे आंतरराष्ट्रीय आयएसएसएन केंद्र चालवते आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. कोणत्या संग्रहात कोणते खंड जमा आहेत ते तिथे कळते. आपल्या नावापुढे काहीच नसेल तर प्राचार्यांना आणि संपादकांना तसे लेखी कळवा, आणि त्या पत्राची एक प्रत आमच्याकडेही पाठवा.