कोर्टाच्या वर कोण?

पेठला (ता. आंबेगाव) बायकांच्या कायदा-शिबिरात पोटगीचा विषय चालला होता. तालुक्याचं कोर्ट, जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी उतरंड मी फळ्यावर काढली. मागून एक मावशी म्हणाल्या, "आन् त्याच्या वर कोण?" मी पटकन म्हटलं, "कुणी नाही." उत्तर अर्धंच होतं. घरी येईपर्यंत ते टोचत राहिलं.

मैत्रिणींनो, संसदेनं कायदा करून सुप्रीम कोर्टाच्या निकालाची वाट बदलल्याची दोन उदाहरणं आपल्या चळवळीतच आहेत. पहिलं महाराष्ट्रातलं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दोघा पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. का? तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईनं "माझी संमती नव्हती" असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टानं तेच गृहीत धरायचं. मथुराला त्याचा काही उपयोग झाला नाही. सुटलेले सुटलेच.

दुसरं उदाहरण इंदूरच्या शाहबानोचं. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिची महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी कायम केली. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळानं कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा काढला होता. त्या बायकांचं कुणी ऐकलं नाही. १९८६ च्या कायद्यानं नवऱ्याची जबाबदारी इद्दतच्या मुदतीपुरती आखडली.

१९८३ ला आपण टाळ्या वाजवल्या, १९८६ ला निषेध केला. हा दुटप्पीपणा आहे का? मला तसं वाटत नाही. कायदा करणं हे संसदेचंच काम. १९८६ चा आपला राग अधिकारावर नव्हता, बाईच्या ताटातलं काढून घेतल्याचा होता.

पण कायदा बदलणं वेगळं आणि कोर्टाचं दारच अरुंद करणं वेगळं. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तेच केलं. केंद्राचा कायदा घटनेत बसतो की नाही हे ठरवायला किमान सात न्यायाधीश हवेत, रद्द करायचा तर दोनतृतीयांश बहुमत हवं! जनता सरकारच्या काळात ही अट गेली, हे बरं झालं. कारण १९८६ च्या कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा २००१ मध्ये निकाल देणारे न्यायाधीश पाचच होते. त्यांनी कायदा ठेवला, पण अर्थ लावला असा : रक्कम इद्दतच्या मुदतीत द्यायची, तरतूद मात्र पुढच्या साऱ्या आयुष्याची. २०२४ मध्ये कोर्टानं पुन्हा सांगितलं की तलाक झालेल्या मुस्लिम बाईला कलम १२५ ची वाटही मोकळी आहे.

म्हणून कोर्टाच्या निकालावर कितीही चिडलो, तरी "कोर्टाचे अधिकारच कापा" या मागणीवर आपल्या गटांनी सही करू नये, असं माझं मत आहे. नवा कायदा मागावा, मोर्चा काढावा, खुलं पत्र लिहावं.

पुढच्या महिन्यात पुन्हा पेठला जायचं आहे. मावशींना मथुरा आणि शाहबानो, दोघींचीही गोष्ट सांगायची राहिली आहे.