आरशाजवळचा डबा उलटा करून बघा

वाशीमकरांनो, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असलेल्या आईबापांनो,

‘सात दिवसांत गोरेपणा’ म्हणून मिळालेली बिनालेबलची क्रीम घरात असेल, तर आजपासून लावणे बंद करा.

अकोला आपल्याला परके नाही. 1998 पर्यंत आपला जिल्हा तोच होता. तिथल्या एका मुलीने ब्युटीशियनकडून अशी क्रीम घेतली. चेहरा उजळला, म्हणून आई आणि बहिणीनेही लावली. तिघींच्याही किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला: क्रीममध्ये पारा होता.

पारा कातडीत रंग तयारच होऊ देत नाही, म्हणून झटपट फरक दिसतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत उतरतो.

म्हणून एवढे कराच:

• डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक छापलेले नसतील, तर क्रीम घेऊ नका. घटकांत पाऱ्याचे ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ हे नाव दिसले तर हातही लावू नका.

• अशी क्रीम लावणाऱ्याचे पाय किंवा चेहरा सुजत असेल, लघवीला फेस येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. क्रीमचे आधी सांगा, लाजू नका. डबा सोबत न्या.

• पार्लरवाल्या ताईंनो, सुट्या डब्यांतली क्रीम विकू नका. मेडिकलवाल्या दादांनो, गोरेपणासाठी कुणी मागितली तरी स्टेरॉइडची ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका.

• असा माल कुठे विकला जात असेल, तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

हे डबे खपतात, कारण गिऱ्हाईक आपणच तयार करतो. सावळी मुलगी उदास, ट्यूब लावली की नोकरी आणि नवरा, ही जाहिरात आपण वर्षानुवर्षे घरोघरी पाहिली. सावळ्या रंगाला कमी लेखू नका, असे जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये जाहिरातदारांना बजावले. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ काढला. आपल्या बायोडाटातला ‘गोरी’ मात्र अजून तसाच आहे.

कारंजा असो, रिसोड असो की मानोरा, स्थळ सांगताना आपण म्हणतो, ‘मुलगी सावळी आहे, पण शिकलेली आहे.’ पडद्याआड उभी असलेली मुलगी तो ‘पण’ ऐकते आणि दुसऱ्या दिवशी पार्लर गाठते. तो ‘पण’ गाळा. ‘सावळी आहे, शिकलेली आहे’ एवढे पुरे.

आता उठा आणि आरशाजवळचा डबा उलटा करून बघा.