यंत्रगप्पा : तेलाची पातळी बघण्याआधी चाकं बघा



गेल्या दिवाळी अंकात मी प्रेशर कुकरच्या शिट्टीवर लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी आपापल्या कुकरच्या तक्रारी माझ्यापर्यंत पोचवल्या. यंदाचा विषय स्वयंपाकघरातला नाही, गॅरेजमधला आहे, आणि या वेळची तक्रार माझी माझ्याविरुद्धच आहे.

माझा नातू बावीस वर्षांचा. दोन उन्हाळे त्याची जुनी जीप आमच्या गॅरेजमध्ये मुक्कामाला होती. त्यानं तिला 37 इंची टायर लावले. एवढे मोठे टायर दोन दगडांमध्ये अडकले की नेहमीच्या पॉवर स्टीअरिंगला ते वळवणं जड जातं. म्हणून त्यानं हायड्रॉलिक असिस्ट बसवलं. म्हणजे स्टीअरिंगच्या गिअरबॉक्समधून दोन होज काढून एका सिलिंडरला जोडायचे, आणि त्या सिलिंडरच्या दांड्यानं चाकं ढकलायची किंवा ओढायची. या सिलिंडरला रॅम म्हणतात. पंप तोच, तेलाची टाकीही तीच.

या मे महिन्यात आम्ही दोघं युटामधल्या मोआबला गेलो. तिथे ‘हेल्स रिव्हेंज’ नावाची वाट आहे, लाल वालुकाश्माच्या उघड्या पाठीवरून चढणारी. निघायच्या सकाळी मोटेलच्या आवारात नातू दोऱ्या-साखळ्या आवरत होता. मी बॉनेट उघडलं. पॉवर स्टीअरिंगचं तेल खुणेच्या जरा खाली दिसलं. मी वरच्या खुणेपर्यंत भरलं, आणि ‘असू द्यावं थोडं जास्त’ म्हणून त्यावर आणखी एक घोट ओतला. तीस वर्षं द्रवयांत्रिकी शिकवलेल्या माणसाला कोणाला विचारावंसं कशाला वाटेल?

तासाभरानं एका चढावर त्यानं स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि बॉनेटखालून धूर आला. टाकीच्या झाकणातून तेल उसळून तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर सांडलं होतं. इंजिन बंद करून तो अग्निशामक घेऊन उभा राहिला. मी चाकामागे दगड लावले. आग लागली नाही, पण लागू शकली असती. हे तेल पेट घेतं, आणि त्या उतारावर पळायलाही जागा नव्हती.

सगळं निवल्यावर मी तेलाची बाटली काढली. सांडलंय तर भरायला हवं, हा माझा हिशेब.

“थांबा आबा,” तो म्हणाला. “सकाळी तुम्ही तेल भरलंत तेव्हा चाकं कुठे वळलेली होती?”

चाकं पूर्ण डावीकडे होती. आदल्या रात्री त्यानं गाडी तशीच लावली होती. प्रश्न ऐकताच माझी चूक मला कळली.

बादलीत हात घातला की पाणी वर चढतं, काढला की खाली जातं. रॅमचंही तसंच आहे. पिस्टनच्या एका बाजूला फक्त तेल असतं, दुसऱ्या बाजूला तेल आणि दांडा. दांडा आत शिरला की तेवढी जागा तेलाला सोडावी लागते आणि ते तेल टाकीत परततं. दांडा बाहेर आला की टाकीतून तितकंच तेल जास्त जातं. आमच्या गाडीत चाकं डावीकडे वळली की दांडा बाहेर येतो. म्हणजे सकाळी मी पाहिली ती सगळ्यात खालची पातळी होती.

दांड्याचा व्यास 19 मिलिमीटर, हालचाल 200 मिलिमीटर. गणित केलं तर सुमारे 57 मिलिलिटर होतात. शिवाय तेल तापलं की फुगतं, दर अंश सेल्सियसला साधारण 0.07 टक्के. दीड लिटर तेल 60 अंशांनी तापलं तर आणखी 63 मिलिलिटर. दोन्ही मिळून 120, म्हणजे जवळजवळ दोन कटिंग चहा. टाकीत वर तेवढी जागाच मी ठेवली नव्हती. आणि सांडलं ते मुळात जास्तीचंच होतं. पुन्हा भरलं असतं तर पुढच्या वळणावर पुन्हा सांडलं असतं.

तेल कमी असणंही वाईटच. दांडा पूर्ण बाहेर, गाडी चढावर कललेली, अशा वेळी टाकीचं खालचं तोंड उघडं पडलं तर पंप हवा ओढतो. मग तो कण्हल्यासारखा आवाज करतो, तेलाला फेस येतो, आणि हवा दबत असल्यामुळे स्टीअरिंग मऊ लागतं. फेससुद्धा झाकणातून बाहेर येतो. म्हणून सांडलेलं तेल आधी नीट पाहा. स्वच्छ असेल तर ते बहुधा जास्त झालंय. फेसाळ असेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे, आणि कदाचित तेल कमीच आहे.

तुमच्या मुला-नातवंडांनी अशी गाडी केली असेल तर हे करून पाहा. गाडी सपाट जागी, तेल थंड. दांडा पूर्ण बाहेर असताना तेल टाकीच्या खालच्या तोंडाच्या बऱ्यापैकी वर राहिलं पाहिजे. दांडा पूर्ण आत असताना वर रिकामी जागा हवी, तापून फुगण्यापुरती. या दोन्ही अटी एकाच टाकीत बसत नसतील तर टाकी लहान आहे, मोठी बसवा. त्यानंतर चाकं सरळ ठेवून जी पातळी दिसेल तिथे खूण करा आणि पुढे नेहमी तशीच मोजा.

नवीन रॅम बसवल्यावर हवा काढायची असते. पुढची चाकं स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवा, आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्ये मध्ये तेल बघत. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. फेस आला तर थांबा, बसू द्या. स्टीअरिंग टोकाला दाबून धरू नका, तेल फार लवकर तापतं. दोन प्रकारची तेलं मिसळू नका, पंपाला सांगितलेलंच वापरा. आणि गळती हातानं कधीही चाचपू नका. आतला दाब चौरस इंचाला हजार पौंडांच्या वर जातो, बारीक धार कातडीतून आत शिरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

मोजमाप घेताना बाकीची परिस्थिती लिहून ठेवा, हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी सांगत असे. मोटेलच्या आवारात मी स्वतःच ते विसरलो.

घरी आल्यावर नातवानं टाकीवर एक पांढरी पट्टी चिकटवली. आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरात तिच्यावर लिहिलंय, ‘आबा आधी चाक सरळ करा’. अनुस्वार राहिला आहे. मी तो घातलेला नाही, पण आता चाकं मात्र आधी सरळ करतो.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.